सर्वांसाठी वेब – लेखांक 14 : गूळ आणि कूळ

फॉर्ममधल्या चुकांच्या संदेशांवर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते आज नाही. कुंभकोणमहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

ताई तंजावरी मराठी घरातल्या. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हेही अशाच घरातले आणि कुंभकोणमचेच, जन्म 1828 चा. म्हणजे कावेरीकाठी मराठी नवी नाही. पण बऱ्याच घरांत ती बोलायची भाषा. लिहायची वेळ आली की हात तमिळ लिपीकडे जातो. ताईंच्या भाच्यानं आजीच्या पाककृतींची साइट केली: मराठी शब्द, तमिळ अक्षरं. आजींची नजर आता अधू झालीय, त्या फोनवर ऐकतात. आणि फोन म्हणतो, ‘एक वाटी कूळ घाला.’

गूळ हो, गूळ! तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला आलं तर तमिळ आवाज त्याचा ‘क’ करतो. ‘भात’ची ‘पात’ होते, ‘दही’चं ‘तही’. ‘नको’ एकेरी लिहिलं तर ‘नगो’, जोडून लिहिलं तर ‘नक्को’. स्तोत्रांच्या तमिळ पुस्तकांत यावर तोडगा आहे: अक्षराच्या डोक्यावर 2, 3, 4 असे बारीक आकडे. डोळ्यांना झकास, पण स्क्रीन रीडर तो आकडाही वाचून मोकळा होतो. ळ मात्र तमिळ आवाज अस्सल म्हणतो, हे कबूल करायला हवं.

ताईंचा प्रश्न : पानाची भाषा काय लिहायची, मराठी की तमिळ?

डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीतला नियम 3.1.1 सांगतो की पानाची भाषा यंत्राला कळेल अशी नोंदवा. ही सगळ्यात खालची, ‘ए’ पातळीची अट. मधल्या एखाद्या तुकड्याची भाषा वेगळी असेल तर तीही नोंदवा, हा 3.1.2, ‘डबल ए’. नियम भाषा विचारतो, लिपी नाही. म्हणून ‘टीए’, म्हणजे तमिळ, लिहिणं चूकच. बरोबर खूण आहे ‘एमआर’, मग आडवी रेघ, मग ‘टीएएमएल’ : मराठी, तमिळ लिपीतली. (नुसत्या ‘एमआर’चा अर्थ देवनागरी असाच धरतात. मोडीसाठी ‘एमआर-एमओडीआय’. मोडी 2014 साली युनिकोडमध्ये आली, तेव्हा तंजावरची मोडी दफ्तरंही हक्कानं वेबवर येऊ शकतात.)

पण बरोबर खूण लावली म्हणून आजींना ऐकू येईलच असं नाही. बहुतेक स्क्रीन रीडर ‘एमआर’ पाहून मराठी आवाज उचलतात आणि त्या आवाजापुढे तमिळ अक्षरं आली की अडखळतात. मग कुणी गप्प बसतो, कुणी अक्षरांची नावं घेत सुटतो.

माझं मत सांगतो. साठवणीत मजकूर देवनागरी ठेवा आणि तमिळ लिपी फ्रेमवर्ककडून पान बनवताना तयार करून घ्या. देवनागरीतून तमिळमध्ये जाणं सोपं आहे, कारण युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांची मांडणी एकाच क्रमानं केलीय. ख, ग, घ ‘क’च्या घरात पाठवायचे, बाकीच्या वर्गांचंही तसंच. उलटं येणं मात्र अशक्य. ‘कूळ’वरून गूळ की कूळ हे यंत्राला कोण सांगणार? पानावर दोन्ही रूपं द्या, प्रत्येकावर आपापली खूण. आजी देवनागरी ऐकतील, भाचा तमिळ वाचेल.

आता भाच्याची एक चूक, जी खरं तर त्याची नाहीच. पत्रासोबत आलेल्या कोडची पहिलीच ओळ पाहिली, तर पानाची भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी. त्यानं रिअॅक्टचा प्रकल्प ‘वीट’ वापरून उभा केलाय (फ्रेंच शब्द, अर्थ ‘झटपट’, उच्चार खरंच वीट). वीट काय, अँग्युलर काय, नव्या प्रकल्पाच्या साच्यात ‘ईएन’ आधीच लिहून देतात. नसतं लिहिलं तर तपासणीच्या साधनानं ‘भाषा नाही’ म्हणून ओरडा तरी केला असता. चुकीची लिहिली की साधन खूश आणि ऐकणारा हैराण. मी स्वतः एका संस्थेची मराठी साइट अशीच ‘ईएन’वर चालू केली होती. एका अंध मित्राच्या संगणकानं देवनागरी पाहून हिंदी आवाज लावला आणि ‘चमचा’चा ‘च्यमच्या’ केला. तो बिचारा दोन महिने काही बोललाच नव्हता. फ्रेमवर्कवाल्यांनी ही जागा रिकामी ठेवावी आणि भाषा भरल्याशिवाय प्रकल्प चालूच होऊ देऊ नये, असं माझं ठाम म्हणणं आहे.

चुकांचे संदेश पुढच्या आठवड्यात, नक्की. जँगो या फ्रेमवर्कनं 5.0 पासून त्यात एक चांगली सोय केलीय, तिथून सुरुवात करू. तोवर आपापल्या प्रकल्पाची पहिली ओळ उघडून बघा. वर ‘ईएन’ आणि खाली मराठी असेल तर बदला. दोन अक्षरांचं काम आहे.