चोवीस रस्ते की सहा? नमुना मोजण्याआधी पॅकेज बघा

सिनॉप्सिस लिहायला बसलात की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला: "नमुना किती?" माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनला मी छातीठोकपणे म्हणाले, "सर, चोवीस रस्ते." सरांनी शांतपणे विचारलं, "चोवीस रस्ते की सहा पॅकेजं?" मी गप्प. तो प्रश्न तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. यातले रस्ते छोटे, दोन-चार किलोमीटरचे. एकेका रस्त्याचं वेगळं टेंडर काढलं तर त्यासाठी हॉटमिक्स प्लांट आणि रोलर आणणं ठेकेदाराला परवडत नाही. म्हणून जवळपासचे काही रस्ते एकत्र करून एक पॅकेज करतात. ठेकेदार एक, करार एक, आणि पुढची पाच वर्षं देखभालही त्याच्याकडेच. फायदा उघड आहे. तोटाही आहे: पॅकेज मोठं झालं की गावातला लहान ठेकेदार पात्रतेच्या अटींत बसत नाही.

आता आपला मुद्दा. रावेरला केळीच्या बागेत एकाच ठिबकच्या नळीवरची पाच झाडं तुम्ही पाच स्वतंत्र नमुने धराल का? नाही ना. नळी तुंबली तर पाचही सुकणार. पॅकेजचं तसंच आहे. ठेकेदार, खडी, इंजिनिअरची देखरेख सगळं सामायिक, म्हणून त्यातले रस्ते एकमेकांसारखे वागतात.

हिशोब करून बघू. आकडे कल्पित आहेत. एका पॅकेजमध्ये ४ रस्ते आणि त्यांच्यातलं साम्य, म्हणजे अंतर्गत सहसंबंध, ०.५. मग १ + (४ − १) × ०.५ = २.५. तुमचे २४ रस्ते भागिले २.५, म्हणजे माहितीच्या दृष्टीने जेमतेम ९.६. हे न धरता टी-टेस्ट लावली तर पी-व्हॅल्यू उगाच छान दिसते, आणि व्हायवाला तीच अंगाशी येते. उपाय सोपा: डेटा शीटमध्ये पॅकेज क्रमांकाचा वेगळा कॉलम ठेवा आणि स्टँडर्ड एरर पॅकेजनुसार क्लस्टर करा. पण गट सहाच असतील तर तेही पुरत नाही. रस्ते वाढवण्यापेक्षा पॅकेजं वाढवा.

दुसरं एकत्रीकरण वस्त्यांचं. सपाटीवर ५०० लोकवस्तीची अट, आदिवासी अनुसूचित भागात २५०. आपल्याकडे शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत असा भाग आहे. समजा सातपुड्याच्या पायथ्याशी १६० आणि १३० माणसांचे दोन पाडे आहेत. वेगवेगळे मोजले तर दोन्ही अपात्र. पण ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभा नियमांत आहे, डोंगराळ भागात वाटेने १.५ किलोमीटरपर्यंत. एकत्र धरले की २९०, म्हणजे पात्र! बाळंतिणीला झोळीतून न्यायचं की गाडीतून, हे त्या एका बेरजेवर ठरू शकतं.

सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांनी लोकसंख्येच्या याच उंबरठ्यांचा वापर करून २०२० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये निबंध छापला. उंबरठ्याच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या गावांची तुलना केली. निष्कर्ष असा की रस्ता आल्यावर लोक शेतीकामातून बाहेर पडले, पण शेती, उत्पन्न आणि मालमत्ता यांत फारसा फरक दिसला नाही. ही पद्धत खान्देशात वापरायची असेल, तर आधी एक गोष्ट तपासा: तुमच्या आकड्यांत "वस्ती" म्हणजे एकटा पाडा, जोडलेले पाडे की अख्खं महसुली गाव? हे चुकलं तर पात्र वस्ती अपात्रांच्या रांगेत जाऊन बसते, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते पकडून देत नाही.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये नमुन्याचा आकडा लिहिण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा: माझं एकक कोणतं, आणि ते कोणी, कशासाठी एकत्र केलं? उत्तर जमलं, की मग गाईडकडे जा.