पाराशा आणि कीर्तन : बेने इस्रायलांच्या मराठीतील तोराबोध

तोरेचे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे, चोपन्न भाग पाडलेले असून त्या प्रत्येकास पाराशा म्हणतात. शब्बाथगणिक वाचन होऊन वर्षाअखेर आवर्तन पूर्ण होते. कोणती पाराशा निवडावी, हे बोध करणाऱ्याच्या हाती नसते. ओघाने त्वचारोगाचे रूक्ष नियम आले, तर त्यांतूनच आजच्या आचरणाला लागू पडणारे काही शोधावे लागते. यहुदी भाष्यकारांनी त्यांतून परनिंदेचा निषेध काढला, तो या सक्तीपोटीच असे म्हणावयास हरकत नाही.

कोकणातील बेने इस्रायलांची घरची भाषा मराठी, परंतु सिनेगॉगमधील वाचन हिब्रूत. स्वतःची रब्बीपरंपरा नसलेल्या या समाजात १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी कीर्तनाची प्रथा सुरू केली. ओवी, साकी, दिंडी या परिचित चालींतून आब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे श्रोत्यांच्या कानी पडू लागली. हिंदू कीर्तनाचे हे अनुकरण होय, एवढे सांगून अभ्यासक बहुधा थांबतात. या रूपाने बोधाची दिशाच पालटली, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली आहे. पाराशेत आधी संहिता आणि मागाहून तात्पर्य; कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडावयाचे आणि उत्तररंगातील आख्यान त्याच्या पुष्टीस आणावयाचे.

योसेफाची कथा घेतली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. वाचनक्रमात ती चार आठवडे चालते. पहिली पाराशा ‘वायेशेव’ संपते ती तुरुंगातून सुटलेला प्यालेबरदार योसेफाला विसरला, या वाक्यावर. दुसरी, ‘मिकेत्स’, संपते तेव्हा प्याला बन्यामीनच्या गोणीत सापडलेला असतो आणि त्याची सुटका अनिश्चित असते. त्या त्या शनिवारी निरूपण करणाऱ्यापुढे अपुरीच कथा असते. अधिकारपदावर पोहोचताच कालच्या सोबत्याचा विसर पडणे, हा बोध तेथे अटळ ठरतो. सुखान्त शेवट अजून दूर असल्याने त्याची बोच कमी होत नाही. कीर्तनाचा पल्ला एका रात्रीचा. आख्यान भावांच्या भेटीपर्यंत न्यावेच लागते, आणि मग क्षमा व ईश्वरी योजना हेच त्याचे केंद्र बनते. प्यालेबरदार तेथे ओझरता येतो.

आख्यान नसलेला विधिनिषेधांचा मोठा भाग, विशेषतः तिसरा ग्रंथ, कीर्तनाच्या कक्षेबाहेरच राहिला. ही हानी लहान नव्हे. तथापि हिब्रू न कळणाऱ्या श्रोत्यांना तोरेतील माणसे आपल्या भाषेत बोलताना ऐकू आली, तीही याच मार्गाने. १९४८ नंतर समाजाचा बहुतांश इस्रायलला गेला. तेथे वाढलेल्या पिढीला पाराशा थेट हिब्रूत कळते, आणि दुर्बोध झाले आहे ते मराठी कीर्तनच. ते व तत्सम पदे जपण्यात आता स्त्रियांचा वाटा मोठा आहे.