लिंबातलं रक्त आणि साताऱ्याचा डॉक्टर

लिंबावरून सुरी फिरते आणि लाल रस ठिबकायला लागतो. पटांगणात बसलेली पोरं गप्पगार. मग कार्यकर्ता सांगतो, पात्याला आधीच जास्वंदीचं फूल चोळून वाळवलं होतं. आंबट रस लागला की त्याचा रंग लाल होतो. करणी नाही, भानामती नाही. एखादा पोरगा उठतो, पुढच्या लिंबासाठी सुरी मागतो.

विज्ञान असं लोकांच्या हातात देण्याचा ध्यास नरेंद्र दाभोलकरांनी घेतला होता. १ नोव्हेंबर १९४५ ला साताऱ्यात जन्म, पुढचं शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मग मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयात. १९७० साली डॉक्टर झाले. कबड्डीत भारताकडून खेळले. साताऱ्यात बारा वर्षं दवाखाना चालवला आणि तो मिटवून चळवळीत उतरले. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली.

चमत्कारामागचं रसायन उलगडणं तसं सोपं. अवघड होतं ते माणसाचं मन, आणि दाभोलकरांचं खरं मोठेपण इथेच दिसतं. ‘अंगात येणं’ हाच प्रश्न घ्या. देवीचा वारा आला म्हणून घुमणारी बाई नेहमीच ढोंगी नसते. कधी तो मनाचा आजार असतो, कधी सासरी वर्षानुवर्षं दाबलेलं दुःख लय, गर्दी आणि श्रद्धेच्या भरात उसळून येतं. तेवढ्या वेळापुरती घरातली माणसं तिच्या पाया पडतात, एरवी तिला विचारतंय कोण? तिला हसायचं नाही, तिला उपचारांपर्यंत न्यायचं, ही समितीची भूमिका राहिली. साताऱ्यातलं ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्रही याच विचारातून उभं राहिलं. मुलगा हमीद मनोविकारतज्ज्ञ झाला.

बोलण्याबरोबर लिहिणंही अखंड चालू होतं. १९९८ पासून अखेरपर्यंत ‘साधना’ साप्ताहिकाचं संपादन, ‘भ्रम आणि निरास’, ‘तिमिरातुनी तेजाकडे’ यांसारखी पुस्तकं. समितीचं ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ सांगलीतून निघत राहिलं.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले, त्याचा वटहुकूम काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. देशभरातल्या लोकविज्ञान संघटना २०१८ पासून २० ऑगस्ट हा राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी अजूनही कुठल्या तरी शाळेत लिंबं कापली जातात.