लहान मूल, लहान होडी आणि खाडीचें पाणी

शहरांत वाढणाऱ्या मुलाची आणि माशाची भेट होते ती बहुधा बाजारांतल्या टोपलीशीं, नाहीं तर जेवणाच्या ताटांत. सुटींत तेंच मूल कोंकणांत आजोळीं जातें, घरामागच्या खाडींत कोणी म्हातारा होडींत निवांत बसून गरी टाकीत असलेला पाहतें, आणि 'मलाही होडींतून न्या' असा हट्ट धरतें. हा हट्ट पुरविण्याजोगा आहे. दोन तास शांत बसणें, पाण्याकडे लक्ष देणें, हातीं कांहीं न लागलें तरी न रुसणें, हे धडे घरांत बसून सहसा शिकवितां येत नाहींत. मात्र मुलास खाडींत नेणाऱ्या वडील माणसानें निघण्यापूर्वीच एक गोष्ट ठरविली पाहिजे. ती म्हणजे परतण्याची वेळ. ही वेळ माशांवरून ठरत नाहीं, मुलाच्या उत्साहावरूनही नाहीं. ती पाण्यावरून ठरते.

खाडी म्हणजे नदी आणि समुद्र यांच्या सामाईक मालकीची जागा. मालवण तालुक्यांतील कर्लीची खाडी हें त्याचें चांगलें उदाहरण आहे. सह्याद्रींत उगम पावलेली कर्ली नदी देवबागपाशीं समुद्रास मिळते. देवबाग ही वाळूची एक अरुंद पट्टी. तिच्या एका अंगास अरबी समुद्राच्या लाटा आणि दुसऱ्या अंगास खाडीचें संथ पाणी. आंत गेलें कीं कांठांवर माडांच्या रांगा आणि कांदळ-तिवरांचीं बनें दिसतात. हें पाणी इतकें संथ असतें कीं पाहुण्याला तें तळ्यासारखें वाटावें. फसगत होते ती येथेंच. तळ्याचें पाणी जागच्या जागीं असतें. खाडीचें पाणी दिवसांतून दोनदां आंत येतें व दोनदां बाहेर जातें, आणि जातांना जें सैल सांपडेल तें बरोबर नेतें.

भरती-ओहोटीचें मूळ चंद्राच्या व सूर्याच्या आकर्षणांत आहे. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते आणि उधाण होतें. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींस छेद देते, पाणी कमी चढतें व कमी उतरतें; यालाच भांग म्हणतात. मोठ्या उधाणास मुंबईकडे पाण्याच्या पातळींत पांच मीटरच्या आसपास फरक पडतो. मालवणकडे तो दोन-अडीच मीटरांचा असतो.

कोंकणांतील जुन्या माणसांपाशीं भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तें घड्याळांतील पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. दिवसाची वेळ तीच साधारणतः रात्रीची. त्यापुढें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हा हिशेब ठोकळ आहे. अर्धापाऊण तास मागेंपुढें होतोच, आणि खाडींत जसजसें आंत जावें तसतसें भरतें उशिरां पोंचतें. हल्लीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें छापील मिळतात व मोबाइलवरही पाहतां येतात. तीं अवश्य पाहावींत, आणि त्याच खाडींत जन्म काढलेल्या माणसासही विचारावें.

आतां यांतून मुलासाठीं दिवस कसा निवडावयाचा तें पाहूं. खाडींत होडीच्या दोरानें दगा दिला किंवा वल्हें हातांतून निसटलें, तर होडी पाणी नेईल तिकडे जाते. ओहोटी असेल तर ती मुखाकडे जाते. तेथें वाळूचे दांडे असतात, लाटा फुटतात आणि पुढें समुद्र. भरती असेल तर तीच होडी आंत, गांवाकडे, कांदळाच्या बनाकडे सरकते. चूक तीच असली तरी परिणाम निराळा होतो. म्हणून लहान मुलासह जावयाचें तें भरतीच्या उत्तरार्धांत, आणि परतावयाचें तें भरतें पुरें होऊन पाणी क्षणभर थांबतें तेव्हां. मोठें उधाण टाळावें. पावसाळा तर सर्वस्वीं वर्ज्य समजावा. नदीचा लोंढा ओहोटीस मिळाला म्हणजे त्या ओढीपुढें अनुभवी वल्हेकऱ्याचेंही चालत नाहीं. १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांनाही राज्याच्या सागरी हद्दींत मासेमारीची बंदी असते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

वाऱ्याचाही विचार हवा. हिंवाळ्यांत सकाळीं जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा वाहतो. तो उन्हाबरोबर पडतो. दुपारीं समुद्राकडून खारा वारा सुटतो. त्या वेळीं ओहोटी असली तर पाणी एका दिशेनें आणि वारा समोरून अशी गांठ पडून खाडीवर आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडीला त्या फार जाचतात. अर्थात् मुलासाठीं वेळ उरते ती सकाळची.

नाताळच्या सुटींत मुंबईहून आलेल्या सहा वर्षांच्या नातीसाठीं एखाद्या आजोबांनीं पंचांग उघडलें, अशी कल्पना करावी. एकादशीस भरती सव्वाआठला, वेळ उत्तम. पण त्या दिवशीं घरांत मासा चालत नाहीं. म्हणून द्वादशी ठरली. पूर्ण भरती नऊला. सव्वासातला निघावयाचें आणि साडेनऊला घरच्या धक्क्यावर परत. ही परतीची वेळ आजोबांनीं आदल्या रात्रींच नातीला सांगितली, घरांतल्या मंडळींना सांगितली, आणि होडी चालविणाऱ्या शेजारच्या कोळ्यालाही सांगितली. साडेनऊपर्यंत होडी दिसली नाहीं तर चौकशीस निघावयाचें, हेंही घरीं ठरलें.

होडी लहान असली तरी तिची तपासणी लहान नसावी. तळाशीं पाणी झिरपतें काय, जादा वल्हें आहे काय, नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब आहे काय, पाणी उपसावयास भांडें आहे काय, हें कांठावरच पाहावें. मालवणकडच्या पुष्कळ होड्यांना एका बाजूस उलांडी असते. दोन आडव्या दांड्यांनीं होडीस जोडलेलें हें लांकूड पाण्यावर टेकतें आणि होडीस कलंडूं देत नाहीं. तरीही होडींत कोणीं उभें राहूं नये. मुलास मधल्या जागीं, तळाशीं बसवावें, कडेवर नव्हे. होडी धक्क्यास लागतांना त्याचे हात आंत असावेत, कारण होडी आणि दगड यांच्यामध्यें सांपडलेलीं बोटें चिरडतात. पायांत जुने कापडी बूट असावेत. खाडींतल्या दगडांवरचीं कालवें सुरीसारखीं कापतात.

तरंगण्याचें जाकीट मुलाच्या अंगावर चढावें तें होडींत पाय ठेवण्यापूर्वीं, आणि उतरावें तें जमिनीवर आल्यावर. तें मुलाच्याच मापाचें हवें. तें चढवून खांद्यांपाशीं धरून वर उचलून पाहावें. जाकीट हनुवटीवरून वर सरकलें तर तें निरुपयोगी. लहान मुलाच्या जाकिटास दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. हवा भरलेलीं खेळण्यांतलीं कडीं जाकिटाचें काम करूं शकत नाहींत. 'आमच्या मुलास पोहतां येतें' हें उत्तरही पुरेसें नाहीं. तलावांत पोहणें वेगळें आणि अंगावर कपडे असतांना वाहत्या पाण्यांत पडणें वेगळें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२१ सालीं जगांत सुमारें तीन लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांतलीं जवळजवळ एकचतुर्थांश पांच वर्षांखालील मुलें होतीं. बुडणारें मूल ओरडेल, हात हालवील, ही समजूतही चुकीची आहे. श्वास घेण्याच्या धडपडींत त्यास ओरडतां येत नाहीं. तें बहुधा आवाज न करितां खालीं जातें.

म्हणूनच होडींत कामांची वांटणी लागते. कोळ्यानें होडी सांभाळावी आणि आजोबांनीं नात सांभाळावी. आजोबांच्या स्वतःच्या हातांत गरी नसावी, हा नियम मोठ्यांना जड जातो. परंतु ज्याच्या हातांत ताणलेला दोरा आहे त्याचें लक्ष मुलावर नसतें. तिसरें मोठें माणूस असेल तर त्यानें खुशाल मासे मारावेत.

मुलाच्या हातीं काठी देऊं नये. लांकडी फळीस गुंडाळलेला साधा दोरा, त्यास शिसाचें लहान वजन आणि एकच लहान गळ एवढें पुरे. गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट करावा. मग तो माशाच्या तोंडांतून सहज निघतो आणि, दुर्दैवानें प्रसंग आलाच, तर मुलाच्या बोटांतूनही. आमिष मोठ्यांनीं लावावें. कोळंबीचा तुकडा बहुतेक माशांना चालतो. दोरा डोक्यावरून भिरकावूं न देतां होडीच्या कडेनें सरळ खालीं सोडण्यास शिकवावें आणि तो बोटाभोंवतीं गुंडाळूं देऊं नये.

भरतीबरोबर कोळंबी व बारीक मासे कांदळाच्या मुळांपर्यंत चरावयास येतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे मासे येतात. तेव्हां होडी बनाच्या कडेस नांगरावी. मासा लागेपर्यंत मुलास दाखविण्यासारखें तेथें पुष्कळ असतें. कांदळाचीं मुळें काठ्यांवर उभ्या असलेल्या माणसासारखीं चिखलांत रोवलेलीं दिसतात. तिवराचीं मुळें उलट चिखलांतून वर डोकें काढतात, कारण त्यांना हवा घ्यावयाची असते. कांदळाचें बीं झाडावरच अंकुरतें आणि हिरव्या शेंगेसारखें लोंबत राहून मग पाण्यांत पडतें. बोयींचा थवा मध्येंच पाण्याबाहेर उसळतो. चपटा, ठिपकेदार काळुंदर येथलाच. या माशांत नर व मादी दोघेंही अंडीं राखतात आणि पिलांच्या थव्याबरोबर पहारा करीत हिंडतात. ही हकीकत ऐकलेलें मूल लहान मासा परत सोडावयास आपण होऊन तयार होतें. सोडतांना हात ओले करून मासा धरावा.

एका माशास मात्र मुलानें हात लावूं नये. तो शेंगाळा. मिशांवरून तो ओळखूं येतो. त्याच्या पाठीवर व दोन्ही बाजूंच्या परांवर विषारी कांटे असतात. कांटा लागलाच तर जखम धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारें ४५ अंश सेल्सिअस, पाण्यांत अर्धा ते दीड तास ठेवावा. त्यानें वेदना पुष्कळ कमी होतात. पाणी किती गरम आहे हें मोठ्या माणसानें आपल्या हातानें आधीं पाहावें, कारण दुखावलेल्या हातास भाजल्याचें कळत नाहीं. कांटा आंत मोडला असल्यास डॉक्टरांकडे न्यावें.

आजोबांच्या होडींत पाऊण तासांत एक बोटभर काळुंदर आला आणि परत गेला. नात कंटाळूं लागली. नऊ वाजून गेले. पाण्यावर तरंगणारें तिवराचें पान जागच्या जागीं थांबलें. आणि नेमका तेव्हांच तिच्या दोऱ्यास जोराचा हिसका बसला. बहुधा तांबोशी असावी. ती आमिष घेऊन निसटली. 'आजोबा, आणखी एकदांच!' असें म्हणतांना तिचे डोळे भरून आले. आजोबांचेंही मन चळलें. दोन वर्षांनीं आलेली नात, पुन्हां केव्हां येईल कोण जाणे. पान हळूच मुखाच्या दिशेनें सरकूं लागलें होतें. कोळ्यानें नांगराच्या दोरास हात घातला आणि म्हटलें, 'पाणी फिरला. आता घराक जाऊया.' आजोबांनीं कांहीं न बोलतां दोरा गुंडाळला.

येथें 'दहा मिनिटांनीं काय होतें?' असें कोणी विचारील. उत्तर हिशेबांत आहे. ओहोटीचें पाणी सहा तासांत सारख्या गतीनें उतरत नाहीं. त्याचे बारा भाग केले तर साधारणतः पहिल्या तासांत एक भाग उतरतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्यांत तीन-तीन, पुढें पुन्हां दोन आणि एक. म्हणजे आरंभीं ओढ जाणवतच नाहीं. म्हणूनच दहा मिनिटांचा अर्धा तास होतो, अर्ध्या तासाचा तास होतो, आणि परत वल्हवूं लागावें तेव्हां तीनपट पाणी अंगावर येतें. तोंवर खारा वाराही सुटण्याच्या बेतांत असतो, आणि मूल उन्हानें, तहानेनें थकलेलें असतें.

होडी साडेनऊच्या आधींच धक्क्यास लागली. नात तासभर कोणाशीं बोलली नाहीं. दुपारीं तीनच्या सुमारास आजोबा तिला हात धरून कांठावर घेऊन गेले. सकाळीं जेथें होडी नांगरली होती तेथें आतां काळा चिखल उघडा पडला होता, त्यावर खेकडे धांवत होते, आणि पाण्याची एक चिंचोळी धार खाडीच्या मध्यांतून मुखाकडे गेली होती. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिनें विचारलें, 'उद्यां कोणती तिथी, आजोबा?' 'त्रयोदशी,' आजोबा म्हणाले. तिनें बोटांवर मोजलें, दोनदां चुकली, आणि शेवटीं म्हणाली, 'म्हणजे उद्यां पावणेदहापर्यंत.'