राखीव गोलरक्षकाचे कार्ड निघावे का?



खेळाडूंची कार्डे जमवण्याचा छंद तुमच्यापैकी अनेकांना आहे. तो तुमच्या आई-बाबांनाही होता. बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जपून ठेवणारी मुलेच आज आपल्या शाळेच्या पालकसभेला येतात. पुढे ट्रम्प कार्डे आली. त्यात ज्याच्या कार्डावर मोठा आकडा, तो जिंकला. साहजिकच सचिन, कपिल, कुंबळे यांची कार्डे हातात यावीत असे प्रत्येकाला वाटे आणि कमी आकड्यांचे कार्ड आले की तोंड वाकडे होई.

पण आयुष्यात एकच दिवस, तोही केवळ दुसरे कोणी उरले नाही म्हणून मैदानात उतरलेल्या खेळाडूचे कार्ड काढावे का? त्यावर आकडे तरी कोणते छापायचे? प्रश्न गमतीचा वाटतो, पण विचार करू लागलो तसा तो आम्हाला आपल्या शाळेच्या अगदी जवळचा वाटला. म्हणून या अंकात तो घेतला आहे.

हा खेळाडू असतो तरी कोण?

आपली हॉकी गवतावर किंवा टर्फवर खेळतात. कॅनडा, अमेरिका या थंड देशांत बर्फावर, पायांत स्केट्स घालून आइस हॉकी खेळतात. चेंडूऐवजी रबराची चपटी, कडक चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. हा पक इतक्या वेगाने येतो की अंगभर जाड संरक्षक साहित्य बांधल्याशिवाय गोलरक्षक उभाच राहू शकत नाही. त्यामुळे संघातल्या दुसऱ्या कोणाला ऐनवेळी ‘जा, तू गोलात उभा राहा’ असे सहज सांगता येत नाही.

तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, प्रत्येक संघ सामन्यासाठी दोन गोलरक्षक घेऊन येतो. दोघेही जखमी झाले तर? त्यासाठी यजमान शहरात एक स्थानिक हौशी गोलरक्षक तयार ठेवण्याची पद्धत पडली. गरज पडली तर तो दोन्हीपैकी कोणत्याही संघाकडून खेळू शकत असे. हा आणीबाणीचा राखीव गोलरक्षक एरवी दुसराच कामधंदा करणारा असे. बहुतेक वेळा तो सामना पाही आणि घरी जाई.

पण कधी कधी बोलावणे येई. २९ मार्च २०१८ रोजी शिकागो संघाला ते स्कॉट फॉस्टरला पाठवावे लागले. हे गृहस्थ व्यवसायाने हिशेबनीस, वय ३६. शेवटची चौदा मिनिटे ते गोलात उभे राहिले आणि आलेले सातही फटके त्यांनी अडवले. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि ४२ वर्षांचा डेव्हिड आयर्स उतरला. रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र चालवणे हे त्याचे काम. २००४ साली त्याच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले होते आणि मूत्रपिंड त्याच्या आईने दिले होते. त्याच्यावर आलेले पहिले दोन्ही फटके गोलात गेले. पुढचे आठही त्याने अडवले आणि त्याचा संघ ६-३ असा जिंकला. त्याची काठी आइस हॉकीच्या कीर्तिदालनात ठेवली गेली आणि त्याचे कार्डही निघाले.

आपल्याकडचा ‘बदली’

हे सगळे दूरच्या बर्फातले झाले. आपल्याकडे असा खेळाडू शोधायचा तर क्रिकेटच्या धावफलकाकडे पाहावे लागेल. तिथे ‘झे. बदली’ असे दोन शब्द असतात. बदली क्षेत्ररक्षक झेल घेतो, फलंदाज बाद होतो, गोलंदाजाच्या खात्यात बळी जमा होतो. पण तो झेल बदली खेळाडूच्या स्वतःच्या कारकीर्दीच्या आकड्यांत धरला जात नाही. काम संघाच्या हिशेबात येते, नावाच्या हिशेबात नाही.

नोव्हेंबर १९८३ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या अहमदाबाद कसोटीत कपिल देवने एका डावात ८३ धावांत ९ बळी घेतले. ते सर्वांना पाठ असते. त्याच कसोटीत गुरशरण सिंग या बदली खेळाडूने चार झेल घेतले होते. असा पराक्रम करणारा तो कसोटीतला पहिलाच बदली खेळाडू. पुढे १९९० मध्ये ऑकलंडला तो भारतासाठी एक कसोटी खेळला. त्याचे ट्रम्प कार्ड काढले तर ‘कसोटी सामने – १’ एवढेच दिसेल आणि अहमदाबादचे चार झेल कुठेच दिसणार नाहीत.

गोलरक्षकाच्या अधिक जवळचा म्हणजे यष्टिरक्षक. त्याचेही काम खास, साहित्यही खास. १९८६ साली लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच फलंदाजी करताना चेंडू लागून जखमी झाला. बदली खेळाडूने यष्टिरक्षण करू नये असा तेव्हा नियम होता. पण न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनी याने मोठ्या मनाने परवानगी दिली. मग मैदानावरच प्रायोजकांच्या पाहुण्यांची सरबराई करत असलेल्या बॉब टेलरना बोलावले गेले. ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते आणि वय होते ४५. तरी त्यांनी हातमोजे चढवले आणि उत्तम यष्टिरक्षण केले.

२०१७ च्या नव्या नियमावलीपासून पंचांच्या संमतीने बदली खेळाडूला यष्टिरक्षण करता येते. याचा फायदा आपल्याला नोव्हेंबर २०२१ च्या कानपूर कसोटीत झाला. वृद्धिमान साहाची मान आखडली आणि के. एस. भरत मैदानात आला. त्याने विल यंग आणि रॉस टेलर यांचे झेल घेतले आणि ९५ धावांवर खेळणाऱ्या टॉम लॅथमला यष्टिचीत केले. तेव्हा भरतच्या नावावर एकही कसोटी नव्हती. ती संधी त्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपुरात मिळाली. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात ऋषभ पंत जखमी झाल्यावर ध्रुव जुरेलनेही असेच काम केले.

आणि बंगळुरूत वाढलेला, मराठी घरातला आपला राहुल द्रविड? तो राखीव नव्हता, पण अडचणीच्या वेळी हातमोजे घालणारा मात्र होता. २६ मे १९९९ रोजी टाँटनला श्रीलंकेविरुद्ध नयन मोंगियाच्या जागी त्याने यष्टिरक्षण केले आणि त्याच सामन्यात १४५ धावाही केल्या. पुढे संघाची गरज म्हणून त्याने सत्तरहून अधिक एकदिवसीय सामन्यांत ही जबाबदारी उचलली.

विरुद्ध बाजूचे म्हणणे

कार्ड देऊ नये असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे आम्ही मोडीत काढणार नाही. त्यांत तथ्य आहे.

पहिला मुद्दा असा की, कार्ड म्हणजे वर्षानुवर्षांच्या मेहनतीची पावती. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची पन्नास कार्डे काढली, तेव्हा त्यांवर नामवंतच होते. एका संध्याकाळच्या पाहुण्याला त्याच रांगेत बसवले तर रांगेची किंमत काय राहिली?

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. संघाचा नेहमीचा राखीव खेळाडू वर्षभर सराव करतो, सहकाऱ्यांना पाणी नेऊन देतो आणि एकही सामना न खेळता परततो. त्याला काही नाही आणि अचानक आलेल्या हौशी माणसाला कार्ड, हा कुठला न्याय? १९८३ च्या विश्वचषक विजेत्या भारतीय संघात चौदा खेळाडू होते. त्यांतला सुनील वॉल्सन हा एकटाच स्पर्धेत एकही सामना खेळला नाही आणि पुढेही त्याला भारताकडून खेळायला मिळाले नाही.

तिसरा मुद्दा म्हणजे अशी कार्डे कौतुकापेक्षा गंमत म्हणून विकली जातात. ‘बघा, यंत्रचालक गोलरक्षक झाला!’ असे हसून लोक ती घेतात.

आमचे मत

तरीही आमचे मत कार्ड निघावे असेच आहे. कार्डाच्या दोन बाजू असतात. पुढे चित्र असते आणि मागे नोंद असते. चित्र प्रसिद्धीसाठी असेल, पण नोंद कामाची असते. ज्याने नियमाप्रमाणे मैदानात उतरून काम केले, त्याची नोंद व्हायलाच हवी. ती लहान असेल तर लहान छापावी. आयर्सच्या कार्डावर ‘सामने १, अडवलेले फटके ८, झालेले गोल २’ असे स्वच्छ लिहिले तर त्याला कोणी महान म्हटले असे होत नाही. जे घडले तेवढेच सांगितले जाते. नामवंतांच्या कार्डाला त्याने धक्का कसा लागेल? तिथले आकडे आपले आपण बोलतातच.

शिवाय ‘एका दिवसाचा पाहुणा’ हा शब्दही तितकासा बरोबर नाही. आयर्स टोरांटोच्या खेळाडूंबरोबर सरावात गोलात उभा राहत असे. बॉब टेलरनी हजारो चेंडू अडवले होते. बोलावणे एकाच दिवशी आले, पण तयारी आधीची होती. आंबा एका दिवसात पडतो म्हणून तो एका दिवसात पिकत नाही.

मग वॉल्सनसारख्यांचे काय? जो उतरलाच नाही त्याच्या कार्डामागे कामाची नोंद लिहिता येणार नाही आणि खोटी नोंद करणे हा काही सन्मान नव्हे. पण संघाचे जे कार्ड निघते त्यावर त्याचे नाव सर्वांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत हवे. सुनील गावसकर यांनी ‘आयडॉल्स’ या आपल्या पुस्तकात मोठमोठ्या कसोटीपटूंबरोबर पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल यांच्यावरही लेख लिहिले. या दोघांना एकही कसोटी खेळायला मिळाली नव्हती. संघनिवडीत जागा नाही म्हणून आठवणीतही जागा नाही, असे गावसकरांनी मानले नाही.

आता आपल्या शाळेकडे वळू

आपल्या शाळेचा खो-खोचा संघ बारा जणांचा असतो. मैदानात नऊ उतरतात, तीन राखीव असतात. कबड्डीतही बारांपैकी सात खेळतात. संघ जिंकला की फलकावर नावे लागतात, वार्तापत्रात छायाचित्र येते. त्यात अनेकदा कर्णधार आणि उत्कृष्ट खेळाडू यांची नावे असतात आणि शेवटी ‘व इतर’ असे लिहिलेले असते. या ‘व इतर’मध्ये कोण कोण होते हे चार वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. उपांत्य फेरीत कोणाचा पाय मुरगळला आणि त्याच्या जागी कोण उतरले, ही गोष्ट त्या मुलाच्या घरी तेवढी आठवणीत राहते. मोठ्या शाळांकडे मुलांची रीघ असते. आपल्यासारख्या छोट्या मराठी शाळेत राखीव मुलावाचून संघच उभा राहत नाही. त्याचे नाव गाळणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून आमची सूचना आहे. यंदाच्या क्रीडास्पर्धांनंतर प्रत्येक वर्गाने आपल्या संघाची कार्डे स्वतः तयार करावीत. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. कार्ड पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे असावे. पुढे चित्र किंवा फोटो, मागे नोंद.

२. जो मुलगा किंवा मुलगी एका डावासाठी का होईना मैदानात उतरली, तिचे स्वतंत्र कार्ड करावे. कोणाच्या जागी, कोणत्या सामन्यात, किती वेळ आणि काय केले, हे खरे तेवढेच लिहावे. गडी बाद झाला नसेल तर ‘०’ लिहायला लाजू नये.

३. जे उतरले नाहीत त्यांची नावे संघाच्या कार्डावर पूर्ण लिहावीत. ‘व इतर’ हे शब्द कार्डावर नकोत.

४. कोणाच्याही कार्डावर थट्टेचे टोपणनाव नको.

उणकलहून राजनगरचे क्रिकेट मैदान जवळच आहे. तिथे रणजी सामना असेल तेव्हा पालकांनी मुलांना जरूर न्यावे. पाण्याच्या बाटल्या आणि हातमोजे घेऊन धावत येणाऱ्या खेळाडूंकडे लक्ष द्या. त्यांची नावे काय, हे शोधून वहीत लिहा. धावफलकावर ‘बदली’ असे दिसले तर तो कोण होता तेही विचारा.

तयार केलेली कार्डे आपल्या खेळाच्या सरांकडे द्यावीत. निवडक कार्डे आम्ही पुढील अंकात छापू. राखीव खेळाडूंची आधी छापू, कारण बाकीच्यांची नावे फलकावर लागलेलीच असतील.