‘नाइस’ची उफराटी वाटचाल
इंग्रजीतील ‘नाइस’ हे विशेषण आज चहापासून माणसापर्यंत कशालाही चिकटवले जात असले, तरी त्याचे मूळ ‘नेस्कियस’, म्हणजे ‘न जाणणारा’, या लॅटिन शब्दात आहे. जुन्या फ्रेंचमार्गे ते १३०० च्या सुमारास इंग्रजीत आले, तेव्हा त्याचा अर्थ चक्क ‘मूर्ख’ असा होता. पुढे नखरेल, चोखंदळ अशी वळणे घेत ते ‘काटेकोर, सूक्ष्म’ या अर्थापर्यंत पोहोचले आणि ‘नाइस डिस्टिंक्शन’, म्हणजे बारीकसा भेद, या प्रयोगात तो अर्थ अजूनही तग धरून आहे. ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकात रूढ झाला व इतका बोकाळला, की जेन ऑस्टिनच्या १८१७ अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीतील हेन्री टिल्नी या सरसकट वापराची खिल्ली उडवतो, आणि ती रास्तच म्हणावी लागेल.