किनारा जवळ येतो तेव्हा

महासागरात आठवडेच्या आठवडे घालवणाऱ्या नाविकाला सर्वांत अधिक भय कशाचे वाटत असेल? वादळाचे, असे कोणीही म्हणेल. परंतु मजबूत नौकेला खोल पाण्याहून किनाऱ्याचेच भय अधिक असते.

भारतीय नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. या मोहिमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर हे नौसेनानी फलटणजवळ विंचुर्णी या गावी, समुद्रापासून कितीतरी दूर, राहत असत! सतरा मीटर लांबीची ‘म्हादेई’ ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी तिने मुंबई सोडली.

न्यूझीलंडमधील लिटलटन ते फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली हा या प्रदक्षिणेतील अतिशय खडतर टप्पा. पाच हजारांहून अधिक सागरी मैल, आणि वाटेत एकही बंदर नाही. तेथे पश्चिमेचे वारे अडवायला जमीन नसल्यामुळे लाटा वाढतच जातात. पुढे हॉर्नच्या भूशिराजवळ समुद्र अरुंद व उथळ होतो, तेव्हा त्या लाटा उभ्या भिंतींसारख्या येतात. पूर्वी येथे मोडतोड झालेली गलबते कशीबशी स्टॅन्ली गाठीत. आपल्या ओळखीच्या नदीचे नाव धारण करणारे ‘झेलम’ हे गलबत १८७० मध्ये तेथे आले, ते पुन्हा बाहेर पडलेच नाही.

बेट दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याच्या खुणा दिसू लागतात. पाणकावळे सहसा किनारा सोडून फार दूर जात नाहीत. ते दिसले की जमीन जवळ आली असे समजावे. इतर ढग वाऱ्याबरोबर वाहत असता एखादा ढग जागीच थबकलेला असतो. त्याच्याखाली बहुधा डोंगर असतो. लांबच लांब समुद्रशेवाळ पाण्यावर पसरलेले दिसले, तर मात्र नौका तत्काळ दूर वळवावी लागते, कारण ते बुडालेल्या खडकांवर वाढते.

भर समुद्रात नौका वाऱ्याच्या दिशेनुसार आपोआप चालेल अशी योजना करून एकटा नाविक थोडीथोडी झोप घेऊ शकतो. किनाऱ्याजवळ ही सवलत नाही. एका डुलकीत नौका खडकावर जायची! म्हणून सर्वाधिक दमलेल्या वेळीच त्याला सर्वाधिक जागे राहावे लागते. रात्र पडली, तर दिवे समोर दिसत असूनही बाहेर थांबून उजाडण्याची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते. हा संयम वादळाला तोंड देण्याहून सोपा नाही.

सकाळी शिडे आखडून नौका अरुंद मुखातून आत शिरते. डोलकाठीवर पिवळे निशाण चढते. ‘नौकेवर सर्व निरोगी आहेत, उतरण्याची अनुज्ञा द्यावी’, असा त्याचा अर्थ. अधिकाऱ्यांची तपासणी आटोपल्यावर नाविक धक्क्यावर पाऊल टाकतो, आणि भक्कम जमीनच त्याला हलू लागल्यासारखी वाटते! शरीराने लाटांवर तोल सावरण्याची सवय लावून घेतलेली असते. ती सुटायला एकदोन दिवस तरी लागतात.